श्रीमंतांचा प्राप्तिकर: दर आणि वास्तव

1973-74 साली आपल्याकडे सर्वांत वरच्या उत्पन्नावर अधिभारासह पावणेअठ्ठ्याण्णव टक्के प्राप्तिकर होता. कागदावर कडक, प्रत्यक्षात पैसा काळा करणारा! पुढे दर उतरत गेले. आज वरचा टप्पा 30 टक्क्यांचा, त्यावर अधिभार आणि उपकर.

पण खरी मेख दरात नाही, उत्पन्नाच्या प्रकारात आहे. समजा, एखाद्याचा वर्षाचा पगार 50 लाख आहे. 2025-26च्या नव्या करप्रणालीत त्याला उपकर सोडून सुमारे साडेदहा लाख कर लागतो. दुसऱ्याने जुने शेअर विकून तेवढाच नफा कमावला आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर साडेपाच लाखांच्या आसपास. कारण दीर्घकालीन नफ्याचा दर साडेबारा टक्के, तोही सव्वा लाखाच्या पुढे. शिवाय शेअर विकलेच नाहीत, तर वाढलेल्या किमतीवर प्राप्तिकर शून्य. नोकरदाराचा कर मात्र पगार हाती येण्याआधीच कापलेला असतो.

गुंतवणुकीला उत्तेजन हवं, हे मान्य. पण निम्म्याची सवलत जरा जास्तच वाटते. त्यात वारसाकर 1985 मध्ये गेला, संपत्तीकर 2015 मध्ये. त्याच्या बदल्यात एक कोटीवरच्या उत्पन्नाला दोन टक्के जादा अधिभार आला. म्हणजे भार पुन्हा उत्पन्नावरच, साठवलेल्या संपत्तीवर नाही.

म्हणून अर्थसंकल्पाच्या दिवशी केवळ कराचे टप्पे ऐकू नका; भांडवली नफ्याचं काय झालं, तेही ऐका.