कलाटणी आणि प्रेक्षक

कथा ऐकणाऱ्याची अपेक्षा मोठी विलक्षण असते. पुढे काय घडणार हे आपल्याला ओळखता यावे असे त्याला वाटते, आणि आपला तर्क साफ चुकावा असेही वाटते. या दोन्ही अपेक्षा एकाच वेळी पुरवायच्या असल्यामुळे कथानकाला कलाटणी देणे हे नेहमीच अवघड काम ठरले आहे. विज्ञानकथेत ते अधिकच अवघड होते. तेथील सृष्टीचे नियम लेखकच घालून देतो, तेव्हा नियम मोडून प्रेक्षकाला चकित करणे त्याच्या हातचा मळ असतो. परंतु असे स्वस्तात मिळालेले आश्चर्य प्रेक्षक स्वीकारतोच असे नाही. तो केव्हा स्वीकारतो आणि केव्हा रागावतो, हे दूरचित्रवाणीवरील दोन मालिकांच्या इतिहासावरून चांगले ध्यानात येते.

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. काळातून आणि अवकाशातून हिंडणारा, परग्रहावरचा एक वृद्ध प्रवासी हा तिचा नायक. विल्यम हार्टनेल हे नट ती भूमिका करीत. तीन वर्षांनी त्यांची प्रकृती साथ देईनाशी झाली. नायकच निघाला तर मालिका चालायची कशी? २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागाच्या अखेरीस डॉक्टर आपल्या यानात जमिनीवर कोसळला, आणि पाहता पाहता त्याच्या चेहऱ्याच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन या दुसऱ्याच नटाचा चेहरा उमटला. तीन वर्षे दर शनिवारी घरी येणारा ओळखीचा माणूस असा डोळ्यांदेखत परका झाला.

या प्रसंगानंतर लेखकांनी जे केले ते त्याहून महत्त्वाचे होते. पुढच्या कथेत डॉक्टरच्या दोन तरुण सोबत्यांपैकी पॉली नव्या माणसाला मान देते, पण बेनचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. घरोघरी प्रेक्षकांच्या मनात जो वाद चालला असेल, तोच पडद्यावर मांडला गेला. आणि अखेर त्याला ओळखले कोणी? एका डॅलेकने, म्हणजे त्याच्या हाडवैऱ्याने! मित्र शंका घेत राहिले आणि शत्रूची खात्री पटली. या युक्तीत प्रेक्षकांच्या शंकेचा अवमान नव्हता. तिला उत्तर होते. अडचणीतून निघालेली ही वाट पुढे मालिकेचा पायाच बनली. १९८९ साली थांबलेली ही मालिका २००५ साली पुन्हा उभी राहिली, ती याच नियमाच्या आधारावर.

दुसरी मालिका अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’. जून १९९० मध्ये तिच्या तिसऱ्या वर्षाचा शेवटचा भाग दाखवला गेला. माणसांना पकडून त्यांना अर्धयंत्र बनवणारे आणि त्यांचे स्वत्व पुसून टाकणारे ‘बोर्ग’ हे शत्रू यानाचा कप्तान पिकार्ड यालाच पळवून नेतात आणि त्याला आपले मुख बनवतात. ज्याच्या आज्ञेत सारे वागत आले, त्याच्यावरच अग्निवर्षाव करण्याचा हुकूम त्याचा दुय्यम अधिकारी रायकर याला द्यावा लागतो. हुकूम सुटतो आणि भाग संपतो. उत्तरासाठी प्रेक्षकांना सप्टेंबरपर्यंत, सुमारे चौदा आठवडे, थांबावे लागले.

पिकार्ड परत आला. एवढ्यावरच सारे मिटले असते तर त्या चौदा आठवड्यांची तगमग ही निव्वळ फसवणूक ठरली असती. परंतु पुढच्याच भागात तो फ्रान्समधील आपल्या गावी, वडील भावाकडे जातो. द्राक्षमळ्यात दोघांची झोंबाझोंबी होते, आणि चिखलात बसून तो धीरगंभीर कप्तान ओक्साबोक्शी रडतो. आपल्या हातून जो संहार करविला गेला तो आपल्याला थांबवता आला नाही, हे त्याचे दुःख आहे. कलाटणीने जखम केली होती आणि लेखकांनी ती लपवली नाही.

आता पुन्हा ‘डॉक्टर हू’कडे वळू. १ मार्च २०२० च्या भागात असे उघड झाले की, हार्टनेल यांनी रंगवलेला डॉक्टर हा पहिला डॉक्टर नव्हेच. त्यापूर्वीही त्याचे अनेक जन्म होऊन गेले होते आणि त्यांची स्मृती पुसली गेली होती. प्रेक्षकांत दोन तट पडले. नायकाभोवतीचे जुने गूढ परत आले म्हणून काहींना आनंद झाला. इतरांना मात्र राग आला. १९६६ च्या कलाटणीने उद्याचा डॉक्टर बदलला होता. २०२० च्या कलाटणीने कालचा डॉक्टर बदलला. भविष्य लेखकाच्या स्वाधीन असते, हे प्रेक्षक जाणतो. भूतकाळ मात्र त्याने स्वतःच्या आठवणीत जपलेला असतो, आणि तेथे हात घातला की त्याला आपल्याच घरात कोणी शिरल्यासारखे वाटते.

हा राग पोरकट म्हणून हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. कलाटणी कथानकाच्या घडणीतूनच, आवश्यकतेने किंवा संभवनीयतेने, निघाली पाहिजे असे ॲरिस्टॉटलने सांगितले. आपल्या नाट्यशास्त्रानेही निर्वहण संधीत, म्हणजे विखुरलेले सारे धागे एकत्र येतात त्या ठिकाणी, अद्भुत रसाची योजना करावी असे म्हटले आहे. आश्चर्याचे स्थान जुळणीत आहे, हे दोघांनाही मान्य होते.

प्रेक्षकांची इच्छा प्रमाण मानून लेखकाने लिहावे, असा याचा अर्थ नाही. तसे झाले तर कथा मुळी पुढेच सरकणार नाही. उलट, पहिला धक्का बसताच निकाल देण्याची घाई प्रेक्षकानेही करू नये. त्याने जुने भाग एकदा पुन्हा पाहावेत. ते पूर्वीपेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटले, तर लेखकाने आपला शब्द पाळला असे समजावे. ते पोकळ वाटू लागले, तर त्याचा राग रास्त आहे. जी कथा मनाला लागलेलीच नाही, तिच्या कलाटणीवर कोणी रागावत नाही, हे मात्र लेखकाने विसरू नये.