पुण्याच्या कचरावेचक भगिनी आणि आपण
(वर्तकनगर, ठाणे येथील सभेत केलेले भाषण)



मेलेली ढोरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी आपणांस सांगितले. मग पुण्यातील कचरावेचक स्त्रियांच्या संस्थेचे कौतुक आपण का करावे, असे आपल्यापैकी काहीजण विचारतात. प्रश्न रास्त आहे.

महारकीत काम ठरलेले, ते करणारी जात ठरलेली आणि मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर. वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. कनिष्ठ ग्राम वतने नष्ट झाली ती १९५८ च्या अधिनियमाने. ज्या कामाचा राजीनामा मुलालाही देता येत नाही, ते वतन होय. करार सोडता येतो.

पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आदींच्या साह्याने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. भांडवलाच्या आधी त्यांनी ओळखपत्र मागितले! उकिरड्यावर वाकलेली बाई लोकांच्या लेखी चोर असे. महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र हाती येताच ती कामगार ठरली. माझ्या मते सर्वांत मोठी कमाई हीच. पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली व तिने महापालिकेशी करार केला. कचरा नेण्याबद्दल घरोघरचे लोक शुल्क देतात. भंगाराचा पैसाही वेचणारीलाच मिळतो. ब्राझिल देशातील बेलो होरिझोन्ते नगरात कागद वेचणाऱ्यांनी १९९० सालीच असा संघ केला होता. गरीब देशांत अशा संस्था वाढतात त्या याच क्रमाने : आधी संघटना, मग हक्क, मग करार.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये निरनिराळ्या कुटुंबांतील किमान १० व्यक्ती नोंदणीचा अर्ज करू शकतात. भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. राजकारणात समता आणि अर्थकारणात विषमता, ही जी विसंगती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे दाखविली, तिला येथे थोडा तरी उतार पडतो. शिवाय २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये आला आहे.

मात्र करार मुदतीचा असतो. मुदत सरली की ठेकेदार पुढे सरसावतो. त्या दिवशी घोषणा उपयोगी पडत नाहीत. पावत्या, हजेरी व सभेचे इतिवृत्त उपयोगी पडतात. तेव्हा ज्या भगिनी आज ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट करितात, त्यांतील दहा घरच्या दहा जणींनी आधी उपविधी वाचावेत. वाचता न येणाऱ्या भगिनींना त्यांच्या शाळेत जाणाऱ्या मुलींनी ते वाचून दाखवावेत. अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे.