आज संध्याकाळी जायचे कोठे?



दारूच्या प्रश्नावर आपल्याकडे बहुधा दोनच प्रकारची भाषणे होतात. एकात पिणाऱ्याच्या चारित्र्यावर कोरडे ओढले जातात. दुसऱ्यात सारा दोष समाजव्यवस्थेवर टाकून वक्ता मोकळा होतो. इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवरील १८४५ सालच्या ग्रंथात एंगल्सने कामगाराला गुत्त्याकडे ढकलणारी जी कारणे दाखविली, ती आजही खोटी ठरलेली नाहीत. परंतु पहिल्या पाळीहून सुटलेला, हात थरथरणारा जो माणूस आजची दारू टाळू पाहत आहे, त्याला या दोन्ही भाषणांचा उपयोग नाही. आज संध्याकाळी जायचे कोठे, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे देशात दारूच्या अपायामुळे वा व्यसनामुळे मदतीची गरज असलेली माणसे ५ कोटी ७० लाखांच्या घरात होती. दारूच्या आहारी पूर्णपणे गेलेल्यांपैकी दर ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. उरलेल्यांना उपाय ठाऊक नव्हता, परवडत नव्हता, किंवा विचारण्याची लाज वाटत होती.

मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील माणूस एका व्यवहारासाठी ओहायो राज्यातील अॅक्रन शहरी गेला होता. व्यवहार फसला. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, शहर परके, आणि हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार, तर दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला. चर्चच्या यादीतील नावे पाहून तो एकेकाला विचारू लागला, की आपल्याला दारूने ग्रासलेल्या एखाद्या माणसाशी बोलायचे आहे, असा कोणी येथे आहे काय? त्यातून डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. १० जून १९३५ हा स्मिथच्या कायमच्या दारूमुक्तीचा दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो. शेअरबाजारवाला आणि सर्जन ही जोडी आपल्या श्रोत्यांना फारशी जवळची वाटणार नाही. पण त्या दोघांना जे उमगले ते वर्गनिरपेक्ष आहे. प्यालेल्याचे ऐकून घ्यायला प्यालेलाच लागतो. भारतात ही चळवळ १९५७ साली दिल्लीत सुरू झाली.

गट शोधण्यापूर्वी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून आधी डॉक्टर, शक्यतो जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग. गटाचा पत्ताही पुष्कळदा तेथेच मिळतो. १४४४६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य चौकशी करता येते. पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांतून बाहेर पडलेली माणसेही आपापल्या गावातील बैठकांची माहिती देतात.

गटात फी नाही, नावनोंदणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. नाव बाहेर जात नाही. पहिल्या दिवशी तोंड न उघडता नुसते बसले तरी चालते. एक गट मानवला नाही तर दुसरा पाहावा. चार-पाच बैठकांआधी निकाल देऊ नये. मधेच पाय घसरला तरी दार बंद होत नाही.

आपल्यापैकी अनेकांचा पाय दारातच अडतो, तो ‘ईश्वर’ या शब्दापाशी. चळवळीच्या बारा पायऱ्यांत तो शब्द आहे, आणि बैठक कित्येकदा चर्चच्या खोलीत भरते. शिकागोत १९७५ सालीच निरीश्वरवाद्यांनी आपला वेगळा गट काढला होता, हे अशा वेळी आठवावे. शास्त्रीय दृष्टीचे म्हणाल तर २०२० च्या कोक्रेन समीक्षेत २७ अभ्यास तपासले गेले. सातत्याने दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांची पद्धत इतर प्रस्थापित उपचारांहून सरस वा निदान तोडीची ठरली. ज्याला प्रार्थना नको त्याने ती चालू असताना गप्प बसावे.

भिलाई, सुरत, हैदराबाद येथील मराठी सभासदांपुढे भाषेचा प्रश्न येतो. मनातली लाज परभाषेत सांगणे कठीण, हे खरे. तरीही ऐकायला हिंदी पुरते; आणि २०२० च्या टाळेबंदीपासून मोबाईलवरील बैठका रूढ झाल्याने गावाकडच्या मराठी गटाची जोडही देता येते. पण चालत जाण्याच्या अंतरावरचा गट सोडू नये. दारूचे दुकानही तेवढ्याच अंतरावर असते.

घरच्या बाईचे ओझे आपण सहसा मोजतच नाही. तिच्यासाठी अल-अनॉन ही १९५१ पासूनची स्वतंत्र संघटना आहे; मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. नवरा यायला तयार नसला तरी तिने एकटीने जावे.

शाखेने काय करावे? गटात काय बोलणे झाले ते विचारू नये. ती शिस्तभंगाची चौकशी नव्हे. शाखेची बैठक आणि गटाची बैठक एकाच वेळी येत असेल तर शाखेने आपली वेळ बदलावी. युनियनच्या कचेरीतील खोली गटाला हवी असेल तर जरूर द्यावी. बाहेरची देणगी न घेण्याची त्यांची परंपरा असल्यामुळे ते भाडे देऊ करतील. ते संकोच न करता घ्यावे आणि पावती द्यावी.