मेघगर्जना आणि घरातले मांजर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



भगवान पार्श्वनाथांच्या मूर्तीवरील नागफणांचे छत्र प्रत्येक जैन बालकाच्या परिचयाचे असते. त्यामागील उपसर्गाची कथाही सर्वश्रुत आहे. भगवान ध्यानस्थ असताना कमठाच्या जीवाने पूर्ववैराने आकाशात मेघ उभे केले, विजा कडाडल्या, मुसळधार वर्षाव झाला. भगवान अविचल राहिले आणि धरणेंद्राने आपल्या फणांनी त्यांच्यावर छाया धरली. पण हा धरणेंद्र पूर्वभवी कोण होता, याकडे लक्ष थोडे कमी जाते. पंचाग्नी तप करणाऱ्या तापसाच्या जळत्या लाकडात सापडलेला तो एक होरपळलेला सर्प होता. राजकुमार पार्श्वांनी त्या मरणोन्मुख जीवाच्या कानी नमस्कार मंत्राचे पवित्र शब्द पडतील अशी व्यवस्था केली आणि त्याचा अंतकाळ शांत केला. भयभीत तिर्यंचाला एकदा मिळालेला धीर पुढे मेघगर्जनेत छत्र होऊन उभा राहिला.

मेघ, भय आणि तिर्यंच जीव ही तिन्ही या कथेत एकत्र आली आहेत. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ तिच्यापासून केला. विषय दिसायला अगदी लहान आहे. वळवाच्या गडगडाटाने भेदरलेल्या घरातल्या मांजराचे काय करावे? सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर मांजराची चर्चा कशाला, असे कोणाच्या मनात आले तर ते स्वाभाविक आहे. परंतु अभयदानाचा महिमा गाणाऱ्या समाजाने अभय म्हणजे प्रत्यक्षात काय द्यायचे, हेही कधीतरी पाहिले पाहिजे.

आपल्या शास्त्रांनी जीवांची गणना इंद्रियांवरून केली आहे. स्पर्श, रसना, घ्राण, चक्षू या क्रमाने जाता कर्णेंद्रिय सर्वांत शेवटी, पंचेंद्रिय जीवाला लाभते. मुंगी तीन इंद्रियांची, भुंगा चार इंद्रियांचा. त्यांना वारा लागेल, पाऊस लागेल. पण मेघाची गर्जना ऐकून थरथरणे हे कान लाभलेल्या जीवाचेच दुःख आहे. मांजराचा कान तर फारच तल्लख. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. मांजराची मर्यादा सुमारे ८५,००० हर्ट्झपर्यंत जाते. भिंतीआड चाललेल्या उंदराची चाहूल घेण्यासाठी घडलेल्या त्या कानावर वीज कोसळल्याचा आवाज कसा आदळत असेल, याची कल्पनाच करावी.

सात भयांत आकस्मिक भय सांगितले आहे. माणसाला वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, हे ठाऊक असते. मधले सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली याचा अंदाज शाळकरी मुलगाही बांधतो. मांजराला हे कोण सांगणार? त्याच्यासाठी प्रत्येक गडगडाट नवा आणि अकस्मात असतो. मग डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, कान मागे चपटे होतात, अंग जमिनीला टेकते आणि ते एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात शिरते. काही मांजरे धापा टाकतात, तर काहींच्या तोंडातून लाळ गळते. भीतीने भलत्या जागी लघवीही होते, आणि त्याबद्दल त्यांना मार बसतो.

कोल्हापूरकडच्या एका पेठेतील कुटुंबाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. खाली कापडाचे दुकान, वर राहते घर. गोदामात एक पिल्लू आले आणि राहिले. ते मुद्दाम आणलेले नव्हते. उंदरांसाठी मांजर ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या दाताने हिंसा करविणे, आणि कृत, कारित, अनुमोदित यांतील दोष श्रावकाला ठाऊक असतो. (गोदामातल्या उंदरांवर खरा उपाय दाराखालची फट बुजवणे हाच, हे कोणीही जुना व्यापारी सांगेल.) घरातील आजींचा मात्र त्या पिल्लालाही विरोध होता. हिंसक प्राणी पाळणे श्रावकाचारात अनर्थदंडात गणले आहे, हे त्या ठणकावून सांगत. आणि त्यांचे चूक नव्हते. मांजर हे प्रकृतीनेच मांसाहारी. हौसेने विकत आणून जैन घरात वाढविण्याचा तो प्राणी नव्हे. नातवाचा जीव मात्र त्या मांजरावर जडला होता.

वैशाखातील एका दुपारी वळीव आला. पहिल्या गडगडाटाला मांजर कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन दडले. नातवाला वाटले, बिचारे घाबरले आहे, त्याला मांडीवर घ्यावे. त्याने त्याला ओढून बाहेर काढले, टॉवेलात गुंडाळले आणि छातीशी घट्ट धरले. इतक्यात जवळच वीज पडली. मांजराने त्याचा हात ओरबाडला, खिडकीतून पत्र्यावर उडी घेतली आणि पावसात दिसेनासे झाले. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. हातावरच्या जखमेसाठी डॉक्टरांकडे जाऊन इंजेक्शने घ्यावी लागली ती वेगळीच.

मुलाच्या मनात काठोकाठ प्रेम होते, तरी त्या जीवाला पीडा झाली. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला जे स्थान दिले आहे, त्याचा अर्थ अशा प्रसंगी उमगतो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला अतिचार ‘बंध’ सांगितला आहे. बंध म्हटले की दावे आणि साखळी डोळ्यांसमोर येते. पण भ्यालेल्या जीवाची पळवाट अडवून त्याला मायेने धरून ठेवणे हाही त्याच्यासाठी बंधच आहे. लहान मूल भ्याले की ते आईला बिलगते. मांजर भ्याले की लपते; त्याचा धीर त्या लपण्यात असतो. नेदरलँड्समधील एका प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही मांजरांना लपायला खोके दिले, काहींना दिले नाही. खोके मिळालेली मांजरे सुरुवातीच्या दिवसांत लवकर स्थिरावली, असे दिसून आले. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्याची ही किमया!

म्हणून आभाळ भरून आले की घरातल्या माणसांनी प्रथम खिडक्या आणि बाहेरची दारे लावावीत, जाड पडदे ओढावेत. त्यामुळे विजेचा लखलखाट आणि आवाज दोन्ही कमी होतात. पंखा, रेडिओ असे नेहमीचे आवाज चालू राहू द्यावेत. मांजर पलंगाखाली वा माळ्यावर जाऊन बसले तर तेथेच राहू द्यावे. पाणी आणि वाळूचा ट्रे जवळ सरकवून ठेवावा. टक लावून पाहू नये, कारण रोखलेली नजर त्याला धाक वाटते. ते आपणहून जवळ आले तर अवश्य गोंजारावे. घाबरण्याबद्दल कधीही रागावू नये.

काही घरांत मोबाइलवर मेघगर्जनेचा ध्वनी अगदी हळू लावून, सोबत खाऊ देऊन, आठवडोगणती थोडाथोडा वाढवीत मांजराला सवय लावतात. हा उपाय कोरड्या दिवसांत करावयाचा आणि मांजर बावरल्यास तेथेच थांबवायचा. भीती फारच असेल, अन्नपाणी सुटत असेल, तर पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. घरातल्या औषधाच्या डब्याला मात्र हात लावू नये. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा प्राण घेऊ शकते. औषधदानाच्या भावनेने झालेला तो घात ठरेल.

पेठेतील ते मांजर तिसऱ्या दिवशी सायंकाळी परतले. अंग चिखलाने माखलेले, मागचा एक पाय लंगडत होता. आजी जिन्याच्या तोंडाशीच बसल्या होत्या. त्यांनी त्याला हाकलले नाही. पुढे एवढेच केले की दुकानातले कापडाचे एक रिकामे खोके मागवून घेतले, त्यात आपले जुने मऊ लुगडे घडी करून घातले आणि जिन्याखालच्या अंधारात ते आडवे ठेवले. “त्याला कोणी धरायचं नाही,” असे नातवाला बजावले. मांजर पाळू नये हे आपले मत त्यांनी आजही बदललेले नाही. पण दारात आलेल्या भेदरलेल्या जीवाला परत पावसात लोटावे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे, असा उलट प्रश्न त्या विचारतात. पुढचा वळीव आला तेव्हा मांजर त्या खोक्यात शिरले. मुलगा तीन पायऱ्या सोडून वर बसून राहिला. गडगडाट थांबल्यावर अर्ध्या घटकेने एक नाक बाहेर आले.

वळीव सरतो, परतीचा पाऊसही सरतो, आणि पाठोपाठ दिवाळी येते. तो भगवान महावीरांचा निर्वाणोत्सव. फटाक्यांचा आवाज मात्र आकाशातला नसून माणसांनी केलेला असतो. त्या कुटुंबात आता फटाके आणत नाहीत, पण पेठेत ते वाजतातच. म्हणून धनत्रयोदशीच्या दुपारीच आजी जिन्याखालचे ते खोके उचलून आतल्या माजघरात नेऊन ठेवतात.