जुन्या संगणकाची पारख

जून महिना उजाडला म्हणजे अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांतील मध्यमवर्गीय घरांत एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला महाविद्यालयांत प्रवेश मिळालेला असतो, शुल्क भरून झालेलें असतें, आणि आतां संगणक हवा असतो. नव्या यंत्राची किंमत ऐकून वडील गप्प बसतात. मग कोणीतरी सुचवितें कीं, मोठ्या कंपन्यांनीं वापरून काढून टाकलेला एकादा जुना लॅपटॉप कां घेऊं नये? सूचना शहाणपणाची असते. मोठ्या कचेऱ्या आपलीं यंत्रें कांहीं ठराविक वर्षांनीं बदलतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ यंत्रें पुढेंही कित्येक वर्षें चांगलें काम देण्याजोगीं असतात. परंतु दुकानांत पाऊल टाकतांच अडचण उभी राहते. एका यंत्रावर ‘आय-५’ अशी चिठी, दुसऱ्यावर ‘आय-७’. एकाची गति १.६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याची २.७. ग्राहकाला त्यांतलें फारसें उमगत नाहीं, आणि अखेर ज्याचे आंकडे मोठे त्याची निवड होते. ही निवड पुष्कळदां फसते. ती कां फसते आणि फसूं नये म्हणून काय करावें, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

वास्तविक पारख करणें ही गोष्ट वऱ्हाडांतील माणसाला नवी नाहीं. कापसाच्या बाजारांत जाणता व्यापारी वाणाचें नांव ऐकून थांबत नाहीं. तो ढिगांत हात घालून मूठभर कापूस काढतो, धागा ओढून त्याची लांबी पाहतो, ओलावा पाहतो, आणि रुईचा उतारा किती पडेल याचा अंदाज घेतो. नांव हें ओळखीपुरतें. खरा हिशेब उताऱ्याचा. प्रोसेसरच्या बाबतींतही हीच रीत धरावयाची असते.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा तो लहानसा भाग, कीं ज्यांत प्रत्यक्ष आकडेमोड घडते. त्याची गति गिगाहर्ट्झमध्यें सांगतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे दर सेकंदास शंभर कोटि ठोके. ज्याचे ठोके अधिक त्याचें काम अधिक, असें सहजच वाटतें. परंतु एका ठोक्यांत काम किती उरकतें, हा प्रश्न त्यांत वगळला जातो. दोन वाटसरू चालत असतां एकाचीं पावलें भराभर पडतात व दुसऱ्याचीं सावकाश. पण दुसऱ्याचें पाऊल दुप्पट लांब असेल तर मुक्कामास आधीं तोच पोहोंचेल. याचें प्रसिद्ध उदाहरण इंटेल कंपनीच्याच इतिहासांत आहे. २००४ सालीं तिचा पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला होता. २००६ सालीं तिनेंच काढलेला कोअर २ डुओ जातीचा, अवघ्या २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर बहुतेक सर्व कामांत त्याच्यापेक्षां सरस ठरला. तेव्हां भिन्न रचनेच्या दोन प्रोसेसरांची तुलना केवळ गिगाहर्ट्झवरून करणें व्यर्थ होय.

दुसरा भ्रम नांवाचा. आय-३, आय-५, आय-७ हीं नांवें म्हणजे एकाच पिढींतील थोरला-धाकटा दाखविणारीं नांवें आहेत. दोन निरनिराळ्या पिढ्यांत त्यांवरून कांहींच ठरत नाहीं. २०१६ सालचा आय-७ ७५००यू आणि २०१७ सालचा आय-५ ८२५०यू हे दोन लॅपटॉपचे प्रोसेसर शेजारीं ठेवून पाहावेत. पहिल्याचें नांव मोठें, आणि त्याची मूळ गतिही २.७ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याची मूळ गति अवघी १.६. परंतु पहिल्यांत काम करणारे कोअर दोन, तर दुसऱ्यांत चार. त्यामुळें सर्व कोअर एकदम कामाला लागतील अशा चांचणींत हा ‘लहान’ आय-५ त्या ‘मोठ्या’ आय-७ च्या सुमारें दीडपट काम करतो. टेबलावरच्या संगणकांतही हाच प्रकार आहे. २०११ सालचा आय-७ २६०० आणि २०१७ सालचा आय-३ ८१०० यांच्या चांचण्या पाहिल्या तर धाकट्या नांवाचा आय-३ पुढें असतो. शिवाय त्याची ठरविलेली विजेची मर्यादा ६५ वॅट, तर जुन्या आय-७ ची ९५ वॅट.

म्हणून चिठीवरील नांवाकडे न पाहतां त्यापुढील पूर्ण क्रमांक वाचावा. इंटेलच्या दुसऱ्या ते नवव्या पिढीपर्यंत क्रमांकांतील पहिला आंकडा पिढी सांगतो, आणि दहाव्या पिढीपासून पहिले दोन आंकडे. शेवटचें अक्षर स्वभाव सांगतें: ‘यू’ म्हणजे थोड्या विजेवर चालणारा, ‘एच’ म्हणजे अधिक वीज घेऊन अधिक काम करणारा. ए.एम.डी. कंपनीच्या रायझन प्रोसेसरांत तर क्रमांकही चकवितो. रायझन ५ ५५००यू आणि ५६००यू हे दोन्ही २०२१ सालचे आणि दिसण्यांत जुळे भाऊ. परंतु पहिल्याची आंतील रचना जुनी, दुसऱ्याची नवी. तात्पर्य, क्रमांक वाचून ओळख पटते. गुण कळत नाहींत.

गुण कळण्यासाठीं मोजमाप हवें. पासमार्क, सिनेबेंच, गीकबेंच अशा नांवांच्या चांचण्या याच कामाच्या आहेत. त्या प्रोसेसरला ठराविक काम देतात, तें किती वेळांत झालें हें पाहतात आणि त्यावरून गुण देतात. निरनिराळ्या प्रोसेसरांनीं मिळविलेले गुण कोणालाही विनामूल्य पाहतां येतात. मात्र तुलना एकाच चांचणीच्या एकाच आवृत्तींतील गुणांची असावी. शेर आणि किलो एकाच तराजूंत घालूं नयेत. आणि प्रत्येक चांचणींत दोन गुण असतात, ते दोन्ही पाहावेत. एक गुण एकट्या कोअरचा, दुसरा सर्व कोअर मिळून होणाऱ्या कामाचा. लेखन, पत्रव्यवहार, दुकानाचा हिशेब, यंत्रांचे आराखडे काढणें, या कामांत बहुतांशीं पहिला गुण उपयोगी पडतो. चित्रफितींचें संपादन किंवा मोठे प्रोग्राम बांधणें यांत दुसरा.

पुष्कळांनीं मिळून केलेल्या कामाचें मोल काय, हें जगाला दाखवून देणाऱ्यांत वऱ्हाडचाच एक सुपुत्र होता. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ सालीं अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर तालुक्यांत, मुरंबा या खेड्यांत झाला. हव्या त्या शक्तीचा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि भटकरांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यांत एकच अजस्र प्रोसेसर नव्हता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे, बाजारांत मिळणारे ट्रान्सप्यूटर जातीचे पुष्कळ प्रोसेसर एकमेकांस जोडून तो घडविला होता. एकेकटा घेतला तर त्यांतला कोणीही महासंगणक म्हणविण्याच्या योग्यतेचा नव्हता. त्यांची शक्ति दिसून आली ती दोन कारणांनीं: काम वांटून देतां येण्याजोगें होतें, आणि एकाकडून दुसऱ्याकडे माहिती नेणारे मार्ग नीट आंखलेले होते. घरांतल्या चार कोअरांच्या लॅपटॉपलाही हेच दोन नियम लागू आहेत. काम वांटतां येत नसेल तर जादा कोअर रिकामे बसतात. आणि माहितीचा मार्ग अरुंद असेल तर सगळेच बसतात.

हा माहितीचा मार्ग म्हणजे काय, हें समजण्यास त्याच मूर्तिजापूरची आणखी एक गोष्ट पुरेशी आहे. तेथून एकीकडे अचलपूर व दुसरीकडे यवतमाळ येथें जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मार्गाची आगगाडी वऱ्हाडांतील जुन्या पिढीच्या चांगली ओळखीची आहे. १९२३ सालापासून ती ओढणारें वाफेचें इंजिन १९९४ सालीं काढण्यांत आलें आणि त्या जागीं डिझेलचें इंजिन आलें. इंजिन नवें झालें. परंतु गाडी ताशीं २० किलोमीटरच्या आसपासच चालत राहिली, कारण खालचा लोहमार्ग जुनाच होता. जुन्या लॅपटॉपांत हा जुना लोहमार्ग म्हणजे फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. ठिकठिकाणीं विखुरलेली माहिती वाचावयाची झाल्यास अशी डिस्क सेकंदास शंभराच्या आसपास वेळां वाचूं शकते; फिरता भाग नसलेली एसएसडी तेंच काम हजारों वेळां करते. यंत्र सुरू होण्यास पांच मिनिटें लागतात, एक खिडकी उघडली कीं दुसरी अडते, ही तक्रार बहुधा प्रोसेसरची नसून डिस्कची असते. रॅमचेंही तसेंच. ४ जीबी रॅम असलेल्या यंत्रांत उत्तम प्रोसेसरही वारंवार डिस्कच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. ८ जीबी रॅम व एसएसडी यांची सोय आधीं पाहावी, आणि मगच प्रोसेसरसाठीं अधिक पैसे द्यावेत.

किती अधिक द्यावेत, हाही हिशेबाचाच प्रश्न आहे. समजा, एका यंत्राची किंमत १२,००० रुपये असून त्याचे गुण ४,००० आहेत. दुसऱ्याची किंमत १५,००० व गुण ६,०००. तिसऱ्याची २४,००० व गुण ९,०००. पहिल्यांत प्रत्येक गुणास तीन रुपये पडतात, दुसऱ्यांत अडीच, तिसऱ्यांत पावणेतीनच्या जवळपास. येथवर दुसरें यंत्र सरस दिसतें. परंतु ज्या घरांत केवळ अर्ज भरणें, पाठ ऐकणें आणि निबंध लिहिणें एवढेंच काम आहे, तेथें ४,००० गुणही पुरेसे असतील तर उरलेले गुण विकत घेऊन पेटींत ठेवल्यासारखे होतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मात्र तेच गुण चार वर्षें उपयोगी पडतील. सर्वांत जास्त गुण मिळविणें हें ग्राहकाचें ध्येय नव्हे. आपल्या कामाला किती गुण लागतात तें ठरवून ते स्वस्तांत मिळविणें हें ध्येय होय.

वऱ्हाडच्या ग्राहकानें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. ती म्हणजे ऊन. अकोल्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढणें ही नवलाची गोष्ट नाहीं. प्रोसेसर अति तापला, शंभर अंशांच्या जवळ गेला, कीं स्वतःच्या रक्षणासाठीं तो आपली गति आपणच कमी करतो. जुन्या लॅपटॉपच्या पंख्यांत धूळ सांचलेली असते व प्रोसेसरवरील उष्णतावाहक मलम वाळलेलें असतें. दुकानाच्या थंड हवेंत पांच मिनिटें उत्तम चाललेलें यंत्र घरीं दुपारीं मंद पडतें, तें यामुळें. म्हणून चांचणी एकदां न घेतां दहा-पंधरा मिनिटें लागोपाठ घेण्यास सांगावी. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेस गुण बरेच घसरले तर यंत्र आंतून साफ करून घ्यावें, किंवा तेवढी किंमत कमी करून मागावी. कागदावर प्रसिद्ध असलेले गुण त्या जातीचे असतात. हातांतील नगाचे गुण हातांतल्या नगावरच मोजावे लागतात.

शेवटची मर्यादा प्रोसेसरच्या वेगाची नसून वयाची आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारी नेहमींची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली. विंडोज ११ साठीं, थोडे अपवाद वगळतां, इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढील प्रोसेसर, अथवा रायझनची २००० ची मालिका वा त्यापुढील प्रोसेसर लागतो. त्याहून जुनें यंत्र वेगवान असलें तरी त्यावर ही प्रणाली अधिकृतपणें चालत नाहीं. असें यंत्र टाकाऊ मात्र ठरत नाहीं. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली त्यावर चांगली चालते, आणि तींत मराठी लेखनाचीही सोय आहे. परंतु ज्या महाविद्यालयाचें काम विंडोजवरच चालतें, तेथील विद्यार्थ्यासाठीं आठव्या पिढीच्या अलीकडचें यंत्र घेणेंच श्रेयस्कर; जुन्या पिढीच्या यंत्राची किंमत त्या मानानें पुष्कळ उतरलेली असली तरच त्याचा विचार करावा.

हें सर्व दुकानांत उभें राहून करणें कठीण आहे, आणि तसें करण्याचें कारणही नाहीं. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडला कीं प्रोसेसरचें पूर्ण नांव, कोअरांची संख्या, रॅम आणि डिस्कची जात हीं सर्व समोर दिसतात. दोन-तीन यंत्रांचीं हीं टिपणें एका कागदावर उतरून घ्यावींत, किमती पुढें लिहाव्यात, घरीं येऊन गुणांची तुलना करावी, आणि ज्याला तें यंत्र वापरावयाचें आहे त्या मुलाला किंवा मुलीलाही त्या हिशेबांत बसवावें. दुकानदार म्हणेल कीं हा नग उद्यांपर्यंत राहणार नाहीं. एकादे वेळीं तसें होईलही. परंतु त्याच जातीचीं यंत्रें कचेऱ्यांतून शेंकड्यांनीं एकदम बाहेर पडतात. एक गेलें तर दुसरें मिळतें. घाईघाईनें दिलेले पैसे मात्र परत मिळणें कठीण.