कवड्याचें सोंग

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार तालुक्यांत बीबी हें गांव आहे. लोणारचें सरोवर पाहावयास दूरदूरचे लोक येतात. बीबीच्या शेतांच्या धुऱ्यावरची रुई पाहावयास मात्र कोणी जात नाहीं. परंतु सृष्टींतील सोंगांचा विषय समजून घ्यावयाचा असेल, तर आधीं त्या रुईपाशींच थांबलेलें बरें.

रुईच्या पानांवर पट्ट्यापट्ट्यांची एक अळी चरत असते. रुईचा चीक विषारी; गुरेंदेखील तिला सहसा तोंड लावीत नाहींत. ही अळी मात्र तें विष आपल्या अंगांत साठविते. पुढें तिचें जें तांबूस, काळ्या कडांचें फुलपाखरूं होतें, त्यास मराठींत बिबळ्या कडवा असें नांव आहे. एकदां त्याची चव घेतलेला पक्षी पुन्हां त्याच्या वाटेस जात नाहीं. आतां त्याच धुऱ्याखालीं पावसाळ्यांत घोळ माजते. जिची भाजी घरोघर होते, तीच ही घोळ. तिच्यावर वाढणारें चांदवा नांवाचें फुलपाखरूं अगदीं निरुपद्रवी व पक्ष्यांस खाण्याजोगें. परंतु त्याच्या मादीचा वेष पाहावा, तर थेट बिबळ्या कडव्याचा! नर मात्र काळा, पंखांवर पांढरे ठिपके मिरविणारा. एकाच घरांत नवऱ्याचा पोशाख निराळा, बायकोचा निराळा. आणि बायकोचा तर शेजारणीकडून उसना आणलेला.

हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गाभ्यासकानें १८४८ पासून अकरा वर्षें ॲमेझॉनच्या अरण्यांत काढलीं, आणि १८६२ सालीं या सोंगांची उपपत्ति जगापुढें मांडली. डार्विनला ती फार पसंत पडली. आपल्याकडील लिंबाच्या नि कढीलिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या एका काळ्या फुलपाखराच्या माद्या तर निरनिराळ्या तीन वेषांत आढळतात. हे सारे वेष एकाच जनुकाच्या हातीं असतात, असें डॉ. कृष्णमेघ कुंटे व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं दाखवून दिलें.

फुलपाखरांचीं सोंगें पाहून माणसाची करमणूक होते. सापांचीं सोंगें त्याच्या जिवाशीं येतात. मण्यार हा आपल्याकडील अत्यंत विषारी साप. त्याच्या काळसर निळ्या अंगावर पांढऱ्या बारीक कड्या असतात. कवड्या हा बिनविषारी. पाली खाऊन राहणारा, भिंतीवर सराईतपणें चढणारा. त्याचें अंग तपकिरी, पण त्यावरहि तसेच फिकट पट्टे! ससाण्याची जात वा मुंगूस त्याला मण्यार समजून टाळीत असावें, असें जाणत्यांचें मत आहे.

येथें एक शंका रास्त आहे. रुईवरचें फुलपाखरूं खाऊन पक्षी ओकतो आणि शहाणा होतो. परंतु मण्यार चावल्यावर शहाणें होण्यास उरतो कोण? या कोड्याचें एक उत्तर मध्य अमेरिकेंतून मिळालें. तेथें पोंवळ्या रंगाचे विषारी साप असतात. सूझन स्मिथ या विदुषीनें कोस्टारिकांत मॉटमॉट पक्ष्याचीं पिलें हातानें वाढविलीं. त्यांनीं जन्मांत साप पाहिला नव्हता. तरीहि पिंवळ्या-तांबड्या कड्या रंगविलेली साधी काडी पुढें येतांच तीं बिचकून दूर सरलीं. हा प्रयोग १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं भीति शिकावी लागत नाहीं, ती रक्तांतूनच येते, असा त्याचा अर्थ.

माणसाचें तसें नाहीं. पक्षी ज्याला भितो, त्याला सोडून जातो. माणूस ज्याला भितो, त्याला ठेंचतो. जें सोंग कवड्याला रानांत तारतें, तेंच घरांत त्याच्या मुळावर येतें. डुरक्या घोणस नांवाच्या बिनविषारी सापाची गतहि तीच. त्याच्या नांवांतच घोणस शिरली आहे, मग काठी कोण आवरणार?

ती काठी आवरण्याचें काम महाराष्ट्रांत सर्पमित्रांचे गट करीत आले आहेत. पुण्यास कात्रज येथें निलीमकुमार खैरे यांच्या पुढाकारानें १९८६ सालीं सर्पोद्यान उभें राहिलें. सापाला पकडून रानांत सोडणारा तरुण आज तालुक्याच्या गांवींहि भेटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सापांस अभय आहे, त्यामुळें हें काम वनखात्याच्या अनुमतीनें करावयाचें असतें. अशा गटांत कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी शेतकऱ्याचा मुलगा. पगार नाहीं; रात्रीं-अपरात्रीं निरोप येतो आणि पावसांत निघावें लागतें. घरच्या माणसांचा रोष होतो तो वेगळाच, आणि त्यांचें चुकतें असेंहि म्हणवत नाहीं.

या गटाचें खरें बळ धाडसांत नसतें. धाडस तर उथळ माणसांतहि पुष्कळ असतें. गळ्यांत नाग घालून छायाचित्र काढून घेणारे थोडे नाहींत, आणि त्यांतले कांहीं प्राणांस मुकलेहि आहेत. बळ असतें तें परस्परांच्या धाकांत. नवशिक्यानें एकट्यानें जाऊं नये. "काका, काठी बाजूला ठेवा, नि पोरांना ओट्यावर घ्या," एवढें घरधन्याला समजावण्यास एक जण, सापाकडे पाहण्यास दुसरा. पट्टे दिसले, कीं खात्री होईपर्यंत तो मण्यारच समजावयाचा. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे उलट, मानेकडे पुसट नि शेपटीकडे स्पष्ट. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग असते, कवड्याच्या नसते. पण हें सारें कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडांत, साप हालत असतांना पाहावयाचें! जाणत्याची नजर येथें चुकली, तर दुसऱ्यानें "थांब" म्हणण्याची मुभा असावी लागते; मग तो वयानें लहान कां असेना.

चुकीची किंमत काय, हें मण्यारीच्या दंशावरून कळतें. ती बहुधा रात्रीं, जमिनीवर झोंपलेल्यास चावते. दुखत नाहीं, सूज नाहीं. पहांटे पोटांत कळा येतात, पापण्या मिटूं लागतात, मग श्वास अडतो. मांत्रिकाकडे नेण्यांत वेळ गेला, तर हातचा माणूस जातो. भारतांत २००० ते २०१९ या काळांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतें. तें रुग्णालयांत मिळतें, देवळांत नाहीं.

म्हणून गटाचें निम्मेंअधिक काम साप पकडण्याचें नसतेंच. पऱ्हाट्या नि तुराट्यांचा ढीग भिंतीला लावूं नका, कुटाराच्या खोलींत अंधारांत हात घालूं नका, खाटेवर मच्छरदाणी खोंचून झोंपा, असें तेच तेच सांगत हिंडावें लागतें. म्हातारीं माणसें ऐकून घेतात, मान डोलावतात. आणि पुढच्या पावसाळ्यांत ढीग पुन्हां त्याच भिंतीला टेकलेला आढळतो. मग गटांतील कोणी तरी न बोलतां बाह्या सारून तो उचलावयास लागतो, आणि त्या ढिगाखालून कधीं कधीं एखादा कवड्याच बाहेर पडतो.