न पाहिलेल्या माणसांबरोबर काम
(बिलासपूर येथील गणेशोत्सवातील भाषण)



भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा मी म्हटलं, मी डिप्लोमावाला, रुळावरचा माणूस, मला काय बोलता येणार! पण समितीने विषयच असा दिला की नाही म्हणवेना. 2020 च्या टाळेबंदीपासून आपल्यापैकी कित्येकांची मुलं-सुना घरी बसून दूरच्या साहेबांचं, ग्राहकांचं काम करू लागली. समोर न दिसणाऱ्या माणसाचा विश्वास कसा मिळवायचा, हा त्यांना नवा प्रश्न वाटतो. रेल्वेत तो फार जुना आहे.

रूळ बदलायचा किंवा सांधा वेल्ड करायचा तर त्या मार्गावरच्या गाड्या थांबवाव्या लागतात. याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तो देणारा सेक्शन कंट्रोलर शंभर किलोमीटरवर, विभागीय कार्यालयात बसतो. समोर गाड्यांचा चार्ट, कानाला फोन. रूळ आमच्याकडे, गाड्या त्याच्याकडे आणि डोक्यावरच्या 25,000 व्होल्टच्या तारा तिसऱ्याच खात्याकडे. आम्ही तिघं वर्षानुवर्षं एकमेकांना फक्त आवाजाने ओळखतो.

2009 सालची गोष्ट. थर्मिट वेल्डिंग चालू होतं. यात वितळलेला धातू सांध्यात ओततात आणि त्यानंतर निदान 30 मिनिटं तरी पहिली गाडी सोडता येत नाही. आमचा साचा बसवायलाच उशीर झाला होता. धातू नुकताच ओतला होता आणि कंट्रोलचा फोन आला, "और कितना समय?" मला खरं उत्तर माहीत होतं. तरी साहेब चिडतील म्हणून मी बोलून गेलो, "बस, पंद्रह मिनट." वर पुढचे दोन फोन घेतलेच नाहीत.

माझ्या पंधरा मिनिटांच्या भरवशावर त्यांनी कोळशाची भरलेली मालगाडी मागे न ठेवता पुढे आणली. पुढच्या स्टेशनात लाइन रिकामी नव्हती, त्यामुळे ती सिग्नलजवळ चढावर उभी राहिली. मग ती काही हलेना. मागून इंजिन लावावं लागलं, आणि तिच्या मागच्या स्टेशनात पॅसेंजर अडकली, बायका-मुलांसकट, भर मे महिन्याच्या दुपारी. संध्याकाळी कंट्रोलर फोनवर एवढंच म्हणाले, "चालीस मिनट बोलते तो मैं चालीस का इंतजाम करता." पुढे महिनाभर मला ब्लॉक मिळाला तो शेवटी, सर्वांना देऊन उरला तर. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

त्यानंतर मी सवय बदलली. धातू ओतला की फोन आपणहून करायचा: "11.40 ला ओतला, 12.10 च्या आत लाइन मिळणार नाही." अडचण दिसली की लगेच सांगायचं, ती सुटायची वाट पाहायची नाही. आणि काम लवकर झालं तर पाच मिनिटंसुद्धा परत करायची. ही पाच मिनिटं फार कामाला येतात हे मला नंतर कळलं.

आता व्हॉट्सअॅपचे ग्रुप आहेत. आमची तरुण मंडळी निळ्या खुणा पाहून म्हणतात, "सर, कळवलंय." मला ते पटत नाही. आमच्याकडे स्टेशन मास्तर आणि फाटकवाला फोनवर बोलतात तेव्हा नुसतं "हो" चालत नाही. प्रायव्हेट नंबर द्यावा लागतो, तो रजिस्टरात लिहावा लागतो. निरोप पोचला आणि मान्य झाला याचा तो पुरावा. तुमच्या कंपन्यांत नंबर नसतील, पण समोरच्याकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घ्यायला कोण अडवतंय?

पुढे एका जानेवारीत पहाटे थंडीने रूळ तडकला. मी कंट्रोलला फोन केला, "पैंतालीस मिनट." एरवी चार प्रश्न झाले असते. तेच कंट्रोलर होते. ते म्हणाले, "आपने बोला तो पैंतालीस ही होगा," आणि गाड्यांची जुळवाजुळव सुरूही केली. त्या दिवशी मला 42 मिनिटं लागली. उरलेली तीन लगेच परत केली.

त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात. मी पुढे जाऊन हात जोडले, पण त्यांना ओळख पटेना. "नमस्कार साहब" म्हणालो, तशी चेहऱ्यावर हसू आलं. हात धरून म्हणाले, "बोलिए, कितना समय लगेगा?"

गणपती बाप्पा मोरया!